गोंधळाचं मूळ "की"मध्ये आहे

इंग्रजी लिहिताना पूर्णविराम अवतरणचिन्हाच्या आत द्यायचा की बाहेर, यावर बराच वाद होतो. दोन्ही बाजू बरोबर आहेत. अमेरिकन पद्धतीत स्वल्पविराम आणि पूर्णविराम आतच जातात, ब्रिटिश पद्धतीत ते मूळ बोलण्याचा भाग असतील तरच. एका लेखनात एकच पद्धत पाळा, झालं. प्रश्नचिन्हाला मात्र दोन्हीकडे एकच नियम: बोलणाऱ्याचा प्रश्न असेल तर आत, आपल्या वाक्याचा असेल तर बाहेर.

पण लातूरला दहावीच्या मुलांच्या वह्या तपासताना मला सगळ्यात जास्त दिसते ती चूक वेगळीच आहे. ही सेड दॅट, "आय ॲम गोइंग टू औसा." दॅट पण आणि अवतरणचिन्हं पण! यात पोरांचा दोष नाही हो. आपण मराठीत "तो म्हणाला की मी औशाला चाललोय" असंच बोलतो; "की"नंतरही "मी"चा "तो" होत नाही. इंग्रजीत दॅट आलं की चिन्हं जातात, "आय"चा "ही" होतो आणि "ॲम"चा "वॉज". म्हणून मी आता आधी मराठी वाक्यच फळ्यावर लिहिते, यातला "मी" कोण ते विचारते आणि मगच इंग्रजीकडे वळते. नुसता नियम पाठ करून घ्यायचे तेव्हा ही चूक काही केल्या जात नव्हती.