प्रतिफळ, मजुरी की बक्षीस?

सुरंगी (वेंगुर्ले): आजीला जाऊन वर्ष होतंय. स्मरणाच्या उपासनेत मला बायबलमधल्या मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं वाचन करायचं आहे. त्यात येतं, 'स्वर्गात तुमचे प्रतिफळ मोठे आहे.' घरी वाचून बघत होते तर भाच्याने विचारलं, "आत्या, प्रतिफळ म्हणजे काय? पणजीला तिकडे पगार मिळणार?" आजीने जन्मभर रविवारच्या शाळेत मुलांना शिकवलं, एक रुपया घेतला नाही. मी गप्प बसले. हा शब्द उपासनेबाहेर मी कुठेच बोलत नाही. त्याचा नेमका अर्थ काय, आणि मुलाला कोणत्या शब्दात सांगू?

बावखल (वसई): सुरंगीताई, भाच्याचा प्रश्न मूळ शब्दाच्या अगदी जवळ गेलाय. नवा करार ग्रीकमध्ये लिहिला गेला आणि त्या ओळीत शब्द आहे 'मिस्थोस'. त्याचा साधा अर्थ मजुरी. मत्तयाच्याच विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा धनी संध्याकाळी मजुरांचा हिशोब चुकता करतो, तिथेही हाच शब्द. मराठीत एका ठिकाणी 'प्रतिफळ' आणि दुसऱ्या ठिकाणी 'मजुरी' आल्यामुळे हे नातं आपल्या कानाला कळत नाही.

आणि मला फार आवडणारी गोष्ट अशी की, 'मजूर' आपल्याकडे फारसीतून आला, फारसी 'मुज़्द' म्हणजे वेतन. हा 'मुज़्द' आणि ग्रीक 'मिस्थोस' एकाच मुळातले. ऋग्वेदात 'मीळ्ह' आहे, म्हणजे जिंकून मिळवलेलं धन; तोही त्याच घरातला. तेव्हा 'मजुरी' हा शब्द उपासनेसाठी हलका आहे असं कुणी म्हणालं, तर मला ते पटणार नाही.

'प्रतिफळ' कराराच्या कायद्यातही आहे. एकाने काही द्यायचं, त्याच्या बदल्यात दुसऱ्याने काही द्यायचं, ते प्रतिफल; खरेदीखतात आपण ज्याला मोबदला म्हणतो ते. सहाव्या अध्यायात लोकांना दिसावं म्हणून दानधर्म करणाऱ्यांबद्दल म्हटलंय की ते आपलं प्रतिफळ 'भरून पावले'. ग्रीक क्रियापद पावतीवर लिहायचं, पूर्ण रक्कम मिळाली अशा अर्थी. आपलं 'भरून पावलो'सुद्धा पावतीतलंच. इतकं चपखल भाषांतर क्वचित सापडतं.

तांडेल (मालवण): मी चर्चमध्ये जाणारा नाही, पण द्राक्षमळ्याची गोष्ट माहीत आहे. पहाटेपासून राबलेल्याला एक दीनार आणि दिवस मावळायच्या तासभर आधी आलेल्यालाही एक दीनार. ही मजुरी म्हणायची तर पहिल्याने भांडण काढणं बरोबरच.

आमच्या रापणीत वेगळा शब्द आहे, वाटो. होडी जाळं घेऊन अर्धगोल फिरते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढतात. जाळं कुणाचं, होडी कुणाची, दोर कोण ओढतो, त्याप्रमाणे वाटे पडतात. पण जाळं अगदी काठाशी आल्यावर कुणी येऊन दोराला हात लावला तरी 'त्येका थोडो तरी वाटो गावता'. रिकाम्या हाताने त्याला पाठवत नाहीत. भाच्याला वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर रापण दाखवा, बाकीचं तो समजेल.

बावखल (वसई): तांडेलदादा, तुमचा 'वाटो' शब्दांच्या इतिहासातही बसतो. 'बक्षीस' ज्या फारसी धातूवरून आलं, त्याचं मूळ आणि संस्कृत 'भज्' एकच, म्हणजे वाटून देणे. त्याच 'भज्'पासून भाग आणि भक्ती. बक्षीस म्हणजे मुळात वाटाच.

एक हरकत मात्र घेतो. रापणीतला वाटा हा हक्क आहे, नाही दिला तर माणूस मागू शकतो. प्रेषित पौल नव्या करारातल्या रोमकरांस पत्रात दोन शब्द मुद्दाम समोरासमोर ठेवतो: मरण हे पापाचं 'वेतन', सार्वकालिक जीवन हे देवाचं 'कृपादान'. वेतनाचा ग्रीक शब्द शिपायाच्या पगाराचा आहे. म्हणजे सार्वकालिक जीवन कमावता येत नाही. मग मजुरी कसली? ह्यावर सोळाव्या शतकात मोठा वाद झाला. आम्हा कॅथलिकांची शिकवण 1547 साली ट्रेंटच्या धर्मसभेत मांडली गेली. माणसाच्या सत्कर्माला मोल आहे, पण ते सत्कर्म हीच मुळात देवाची देणगी. संत ऑगस्टीन हे त्याआधी हजारावर वर्षं सांगून गेला होता: देव तुमच्या पुण्याला मुकुट घालतो तेव्हा तो स्वतःच्याच देणग्यांना मुकुट घालतो.

सुरंगी (वेंगुर्ले): आम्ही प्रोटेस्टंट. आमच्याकडे तारण कृपेनेच असतं आणि प्रतिफळ त्यानंतरचं, विश्वासू सेवेचं. करिंथकरांस पहिल्या पत्रात आहे ना, प्रत्येकाचं काम अग्नीने पारखलं जाईल. सोनं, रुपं टिकेल, गवत, पेंढा जळेल. काम जळालं तरी माणूस वाचेल. आजी हे शिकवताना चुलीत पेंढ्याची मूठ टाकून दाखवायची.

तुम्ही मुकुट म्हणालात, त्याचंही विचारते. आजीच्या थडग्यावर 'जीवनाचा मुगुट' असं कोरलंय. राजाचा का तो?

बावखल (वसई): नाही. राजाच्या मुकुटाला 'डायडेमा' असा वेगळा शब्द होता. हा 'स्टेफानोस', म्हणजे शर्यत जिंकणाऱ्याच्या डोक्यावर घालायची पानांची वेढी. करिंथजवळच्या खेळांत पाइनच्या डहाळ्यांची असे. ती सुकून जाते, आणि पौल तेच म्हणतो: ते नाशवंत मुकुटासाठी धावतात, आपण अविनाशी मुकुटासाठी. पेत्राच्या पहिल्या पत्रात 'न कोमेजणारा' म्हणून जो शब्द आहे, तो 'अमारान्तिनोस'. राजगिरा आणि तुमच्या परसातला लाल माठ ज्या वंशातले, त्या वंशाचं शास्त्रीय नाव, अमरँथस, त्याच ग्रीक शब्दावरून पडलंय.

तांडेल (मालवण): माठ? आमच्या परसात पावसाळाभर असतो. मग राजाचा मुकुट नको, ताई. पानांचाच बरा.

सुरंगी (वेंगुर्ले): आजीच्या परसातही होता. वाचन छापलंय तसंच करीन, प्रतिफळ. भाच्याला आधी मजुरी सांगेन, मग त्या शेवटी आलेल्या मजुराची गोष्ट, आणि रापण ओढायला लागली की पहाटे किनाऱ्यावर घेऊन जाईन. दोराला हात लावायला देतील ना, तांडेलदादा?

तांडेल (मालवण): देतील. पिशवी घेऊन जा.