नॉटिलस ५७११ आणि टिफनीचा निळा

पाटेक फिलिप या स्विस घड्याळ कंपनीने नॉटिलस ५७११ या मॉडेलच्या फक्त डायलचा रंग बदलला आणि लोक वेडे झाले, असं म्हणतात. यंत्राबद्दल ते खरंच आहे. टिफनी या अमेरिकन दागिन्यांच्या कंपनीच्या खास निळ्या रंगातल्या ५७११ मध्ये तेच २६-३३० एस सी कॅलिबर (म्हणजे आतलं यंत्र), तीच ४० मिमीची स्टीलची केस. पण संग्राहक यंत्रासाठी धावलेच नव्हते.

२०२१ च्या सुरुवातीला पाटेकने ५७११ बंद करत असल्याचं जाहीर केलं. १९७६ मध्ये घड्याळांचे डिझायनर जेराल्ड जेंटा यांनी आखलेल्या नॉटिलसचं हे सगळ्यात जास्त मागणी असलेलं रूप. त्याच वर्षी डिसेंबरात टिफनीशी असलेल्या १७० वर्षांच्या संबंधांनिमित्त टिफनी निळ्या डायलची १७० घड्याळं आली, तीही अमेरिकेतल्या टिफनीच्या मोजक्या दुकानांत. दुकानातली किंमत पन्नास हजार डॉलरच्या थोडी वर. फिलिप्स या लिलावगृहाच्या न्यूयॉर्क लिलावात त्यातलं एक ६५ लाख डॉलरला गेलं. हे पैसे निसर्गसंवर्धनाच्या कामाला दिले गेले, म्हणून त्या आकड्याला बाजारभाव समजू नये. तो दानाचा आकडा आहे.

मला खरं खटकतं ते पुढचं. त्या लिलावानंतर रोलेक्सच्या फिरोजी डायलच्या साध्या ऑयस्टर परपेच्युअलचेही भाव भडकले. ते घड्याळ लिमिटेड एडिशन नव्हतं, तिथे टिफनीचा काही संबंधही नव्हता. ज्यांना तो रंग मनापासून आवडला होता आणि रोज मनगटावर घालायचा होता, अशा माणसांच्या हातून ते निसटलं. संग्राहकांचा राग असायलाच हवा, तर तो या सट्ट्यावर असावा; डायलवर नाही. डायल सुंदरच आहे.