निवडणुकीआधी मिस्सात वाचायचं पत्रक: कायद्याची रेघ नेमकी कुठे?

बावखल: मतदानाच्या आधीच्या रविवारी धर्मप्रांताचं (बिशपच्या अखत्यारीतल्या चर्चांच्या विभागाचं) पत्रक मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेच्या, शेवटी वाचतात. ‘मतदान करा, पैसे घेऊन मत देऊ नका’ इथपर्यंत ठीक. पण ‘अल्पसंख्याकांच्या हक्कांसाठी उभ्या राहणाऱ्याला मत द्या’ हे चालतं का? नाव तर कुणाचंच नाही.

रेघोट्या: लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३(३). धर्माच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट आचार. सर्वोच्च न्यायालयाच्या अभिराम सिंग खटल्यातल्या निकालाने (२ जानेवारी २०१७, न्यायाधीश ४ विरुद्ध ३) त्यात उमेदवाराबरोबर मतदाराचाही धर्म आला. मात्र आवाहन उमेदवाराचं, त्याच्या एजंटचं किंवा त्यांच्या संमतीने केलेलं हवं. धर्मगुरू आपणहून बोलले तर त्यावरून निवड रद्द होणं अवघड. याचिका बहुधा संमतीच्या पुराव्यावरच अडते. ती निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात, २००० रुपये अनामत भरून. भ्रष्ट आचाराचा आरोप असेल तर वेगळं शपथपत्रही लागतं, आणि त्यात कोण, कुठे, कधी हे नेमकं लिहायचं. ‘चर्चमध्ये प्रचार झाला’ एवढंच लिहून भागत नाही.

तिसरी घंटा: संमतीवर सुटका मानू नका. ‘अमक्याला मत दिलंत तर देवाचा कोप होईल’ किंवा ‘संस्कार (बाप्तिस्म्यासारखे चर्चचे विधी) मिळणार नाहीत’ असं म्हटलं की भारतीय न्याय संहितेचं कलम १७१ लागतं. तिथे संमतीचा प्रश्नच नाही. शिक्षा एक वर्षापर्यंत किंवा दंड, किंवा दोन्ही.

आणि सगळे विसरतात तो १९८८ चा धार्मिक संस्था (गैरवापर प्रतिबंध) कायदा. चर्चच्या आवारात राजकीय प्रचार होऊ दिला तर व्यवस्थापकाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड. ‘राजकीय’ची व्याख्या इतकी ऐसपैस की पक्षाचं नाव न घेता मांडलेला राजकीय प्रश्नही त्यात बसवता येतो. महापालिका निवडणूकही आलीच. तुमचं दुसरं वाक्य इथे अडू शकतं, पहिलं नाही. उमेदवाराला सभेसाठी हॉल देणं तर सरळच अंगाशी येतं, भाडं घेतलं तरी.

बावखल: म्हणजे फादर स्वतः उभे राहिले तर?

रेघोट्या: देशाचा कायदा अडवत नाही, कॅथलिक चर्चचाच अडवतो. कॅनन (चर्चच्या कायद्याचं कलम) २८५ नुसार धर्मगुरूने सत्तेचं पद घ्यायचं नाही. २८७ नुसार पक्षात सक्रियही नाही, अधिकाऱ्यांनी खास गरज मानली तरच सूट.