ह्यूई: डावं पेडल दाबलं की हेलिकॉप्टर आडवं होतंय

भिरभिरं

डीसीएस या फ्लाइट सिम्युलेटर गेममध्ये ह्यूई हेलिकॉप्टर उडवतोय, यूएच-१एच. आतापर्यंत जॉयस्टिकची मूठ पिळूनच पेडलचं काम भागवत होतो आणि हॉवर (हवेत एका जागी थांबणं) बऱ्यापैकी धरता येत होता. आता पेडलं घेतली, यूएसबीला जोडली आणि सगळी घडी विस्कटली.

जमिनीवर असेपर्यंत सगळं शांत. कलेक्टिव्ह (हेलिकॉप्टर वर उचलणारा दांडा) हळूहळू वर घेतो, नाक उजवीकडे वळायला लागतं, म्हणून डावं पेडल. थोडं दाबेपर्यंत ठीक, पण पाय जरा रोवून दाबला की हेलिकॉप्टर गचकन एका अंगावर जातं, पातं जमिनीला लागतं, खेळ खलास. वारा शून्य ठेवलाय. उजवा हात जागचा हलत नाही, हे खाली बघून बघून तपासलंय.

विंडोजच्या कॅलिब्रेशनमध्ये पेडलं अगदी गुळगुळीत चालतात. डेडझोन (मध्याजवळची हालचाल न मोजणारा पट्टा) वाढवून झाला, तरी तेच. वर एमआय-८ या दुसऱ्या हेलिकॉप्टरमध्ये पेडलं उलटी जोडल्यासारखी वाटतात, म्हणून तिथे इन्व्हर्टवर टिचकी मारून ठेवलीय. परत करायची मुदत अजून आहे. पेडलं सदोष आहेत की सेटिंग गंडलंय?

गरगर

परत करा आणि हॉल सेन्सरवाली (चुंबकाने हालचाल मोजणारी) घ्या. घासून हालचाल मोजणाऱ्या पोटेन्शिओमीटरवर धूळ बसली की आकडे उड्या मारतात.

शेपटीचा पंखा

परत करू नका. पोटेन्शिओमीटर खराब झाला तर नाक थरथरेल, हेलिकॉप्टर कलणार नाही. कलवणं हे सायक्लिकचं, म्हणजे उजव्या हातातल्या जॉयस्टिकचं काम. म्हणजे पेडलातून काहीतरी सायक्लिकपर्यंत पोचतंय, आणि ते काय असेल यावर मी पैज लावायला तयार आहे: टो ब्रेक.

बऱ्याच पेडलांत तीन अॅक्सिस, म्हणजे वेगवेगळ्या मोजल्या जाणाऱ्या हालचाली, असतात. पुढे-मागे सरकतो तो एक आणि चवड्याने दाबायचे ब्रेक दोन. हे ब्रेक विंडोजला एक्स आणि वाय म्हणून दिसतात. डीसीएस नवीन यंत्र दिसलं की न विचारता स्वतःच बाइंडिंग (कुठली हालचाल कशाला जोडायची ते) करून मोकळं होतं: एक्स म्हणजे रोल (बाजूला कलणं), वाय म्हणजे पिच (नाक वर-खाली). त्याला काय माहीत हा पाय आहे की हात! पाय नुसता सरकवता तेव्हा काही होत नाही. रोवून दाबता तेव्हा चवडा खाली जातो, ब्रेक हलतो आणि सायक्लिक भलतीकडे फेकलं जातं. तुमची लक्षणं हुबेहूब हीच.

खात्री करायची असेल तर कॉकपिटमध्ये बसून उजवा कंट्रोल आणि एंटर दाबा. कोपऱ्यात छोटी चौकट येते, तीत सायक्लिकचा ठिपका आणि पेडलांची पट्टी दिसते. जॉयस्टिकला हात न लावता फक्त चवडे दाबा. ठिपका हलला की चोर सापडला.

मग कंट्रोल्समध्ये ह्यूई निवडून अॅक्सिस कमांड्स उघडा. पेडलांच्या रकान्यात रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणं) सोडून जे काही भरलेलं दिसेल ते पुसा. जॉयस्टिकच्या रकान्यातून मूठ पिळण्याचा रडरही काढा, नाहीतर तुमचा हात आणि पाय एकमेकांशी भांडत बसतील. टो ब्रेक कुठेच लावू नका. ह्यूईला चाकंच नाहीत, ब्रेक कशाला लावणार? हे सगळं प्रत्येक हेलिकॉप्टरसाठी वेगळं करावं लागतं, एकात केलं म्हणजे सगळीकडे झालं असं नाही. कंटाळवाणं आहे खरं.

एमआय-८ मधला इन्व्हर्ट आजच्या आज काढा. पेडलं तिथेही बरोबरच आहेत. ह्यूईचं मुख्य रोटर वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून कलेक्टिव्ह वाढवलं की नाक उजवीकडे जातं आणि डावा पाय लागतो. एमआय-८ चं घड्याळाच्या दिशेने फिरतं, त्यामुळे तिथे उजवा पाय. गझेलही त्याच पंथातलं. केए-५० ला एकावर एक अशी उलटसुलट फिरणारी दोन रोटर आहेत, शेपटीला पंखाच नाही, तिथे हा झगडाच नाही. पण डावं पेडल दाबलं की नाक डावीकडे, हे सगळीकडे सारखंच.

भिरभिरं

ठिपका हलला! डावा चवडा दाबला की थेट कडेला. दोन्ही ब्रेक आणि मुठीचा रडर पुसले, आता सरळ वर उचललं जातंय. एमआय-८ पण शहाण्यासारखं वागतंय.

दोन गोष्टी राहिल्या. नाक स्थिर धरलं तरी ह्यूई हळूहळू उजवीकडे घसरते. जॉयस्टिकचं सेंटर सरकलंय का? आणि पेडल मधल्या खाचेतून जाताना झटका बसतो. त्याला कर्व्ह (मध्याजवळचा प्रतिसाद मऊ करणारं सेटिंग) किती द्यावा?

शेपटीचा पंखा

सेंटर ठीक आहे. शेपटीचा पंखा नाक वळू देत नाही, पण तसं करताना अख्खं हेलिकॉप्टर उजवीकडे ढकलतो. म्हणून सायक्लिक जरा डावीकडे धरायचं. हॉवरमध्ये ह्यूईची डावी स्किड (चाकांऐवजी असलेली पट्टी) थोडी खालीच राहते. एमआय-८ मध्ये हेही उलट.

पेडलला २० च्या आसपास कर्व्ह देऊन बघा, झटका कमी होईल.

स्किड_खाली

वरचं सगळं पटलं, कर्व्ह सोडून. कर्व्हने मधला भाग मऊ होतो, पण टोकाकडचा तितकाच तिखट होतो. विमानात पाय बहुतेक वेळ मध्यावर असतो, तिथे चालतं. ह्यूईच्या हॉवरमध्ये डावा पाय सतत पुढे, म्हणजे तुम्ही मध्यावर नसताच. डावीकडे जरा जास्त झालं की नाक झपकन फिरतं, उजवीकडे यावं तर काही होतच नाही. पेडल सरळ रेषेतच ठेवा. वाय सॅच्युरेशन (पेडलचा जास्तीत जास्त परिणाम) कमी करायचा मोहही टाळा. सामान भरून वजन वाढलं की डावं पेडल शेवटपर्यंत लागू शकतं.

झटक्याचं कारण स्प्रिंग आणि ती खाच. खऱ्या ह्यूईची पेडलं आपोआप मध्यावर परत येत नाहीत, पाय ठेवाल तिथे राहतात. तुमच्या पेडलांना ताण कमी करायचा स्क्रू असेल तर तो पूर्ण सैल करा. स्प्रिंग काढता येत असेल तर काढूनच टाका. पहिल्यांदा पाय हवेत तरंगल्यासारखा वाटतो. टाचा जमिनीला टेकवा आणि घोट्यातून हलवा, अख्खी मांडी ढकलू नका. खुर्ची चाकांची असेल तर चाकं अडवा, नाहीतर पेडलाऐवजी तुम्हीच मागे जाल.

शेपटीचा पंखा

टेबलावरच्या आखूड जॉयस्टिकला तरी थोडा कर्व्ह हवाच, १५ पर्यंत. तिथे माघार नाही.

स्किड_खाली

जॉयस्टिकला चालेल. पेडलला नाही.

भिरभिरं

स्क्रू सापडला, तळाशी होता. सैल केल्यावर खाच जाणवतच नाही. कर्व्ह दोन्हीकडे शून्य ठेवलाय, जॉयस्टिकचं पुढे बघू. आता ट्रिमचं बटण दाबून सोडलं की हेलिकॉप्टर उडी मारतं.

स्किड_खाली

ट्रिमने तुमची जागा धरून ठेवली, पण हात अजून तिथेच आहे, म्हणून दुप्पट झुकतं. ह्यूईच्या स्पेशल टॅबमध्ये ट्रिमरचा पर्याय बघा: सेंट्रल पोझिशन ट्रिमर मोड निवडलात की जॉयस्टिक मध्यावर परत येईपर्यंत नवीन हालचाल धरली जात नाही. बटण सोडा, मूठ मध्यावर आणा, मग पुढे चला.