मदत हवी आहे: रविवारी रात्रीच पोट का दुखतं?

माझी मुलगी नववीत आहे. गेले दोन महिने दर रविवारी रात्री तिचं पोट दुखायला लागतं, सोमवारी सकाळी मळमळतं. सुट्टी लागली की सगळं गायब! डॉक्टरांनी तपासण्या केल्या, काही निघालं नाही. ताणामुळे असं होऊ शकतं, म्हणाले. म्हणजे ती नाटक करत नाहीये, एवढं मला कळलंय. (घरातल्या इतरांना अजून पटायचंय.)

काल तिची गणिताची वही चाळली. एकच उदाहरण इतक्यांदा खोडलेलं की कागदाला भोक पडलंय. चुकलं तर सगळ्यांसमोर उभं करतात, एवढंच बोलली आणि गप्प झाली.

झोपेचीही बोंबच. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते म्हणतात, हिला जेमतेम सहा मिळते. या वयात झोपच मुळी उशिरा येते, आणि शाळा सकाळी सातची. क्लास बंद करू का विचारलं तर रडायलाच लागली, मागे पडेन म्हणून.

वर्गशिक्षिकांशी बोलायचंय, पण मुलीला कळलं तर ती मला पुन्हा काही सांगणार नाही, ही भीती वाटते. आधी तिला विचारून मग जाऊ का? कुणी शाळेशी असं बोललं असेल तर सुरुवात कशी केलीत? आणि समुपदेशकाकडे न्यायचं असेल तर 'मी वेडी आहे का' या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर दिलंत?

'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' हे कृपया नको, ते घरी रोज ऐकतेय.