मदत हवी आहे: डबलसीट टूरिंगला सिंगल (एक सिलिंडरची) बाईक घ्यावी की ट्विन (दोन सिलिंडरची)?

नमस्कार मंडळी, मी खानापूरचा. महिन्यातून एकदा तरी बायकोला मागं बसवून चोर्ला घाटातून गोवा, नाहीतर आंबोलीमार्गे सावंतवाडी. जुन्या दीडशे सीसीला चढावर दम लागतोय, आणि सामानाची पिशवी माझ्या पोटावर!

बेळगावात रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० बघून आलो. एक सिलिंडर, ४५२ सीसी, १७ लिटरची टाकी. सीट ८२५ मिमी, माझे नुसते चवडे टेकले. बायको म्हणाली, "चढायला शिडी देतात काय हो?" त्यांचीच दोन सिलिंडरची इंटरसेप्टर ६५० ठेंगणी, २७० अंशांच्या क्रँकमुळे (पिस्टन फिरवतात तो दांडा) इंजिनाचा ठोका झकास, पण टाकी १३.७ लिटरचीच आणि सस्पेन्शनचा प्रवास (खड्ड्यात दबायला मिळणारी जागा) कमी.

पावसाळ्यातल्या आपल्या खड्ड्यांत मागच्या माणसाच्या कमरेला कुठली सोसते? डबलसीटला प्रीलोड (मागच्या स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) किती वाढवता? वापरणाऱ्यांनी सांगा की.