मदत हवी आहे: बॅटरी उतरल्यापासून ट्रकचे एबीएस आणि युरियाचे दिवे विझत नाहीत

आमचा सहा चाकी बीएस-६ ट्रक आहे, २४ व्होल्टचा. वडील स्वतः चालवतात, हिशोब आणि कागदपत्रं मी बघते. पिंपळगाव बसवंतहून कांदा भरून वाशी मार्केटला जायचं, हे नेहमीचं काम. मध्यंतरी भाडं नव्हतं म्हणून गाडी बरेच दिवस उभी होती. नंतर सेल्फ मारला तर नुसता टक् टक् आवाज. शेजारच्यांच्या ट्रकवरून (तोही २४ व्होल्टचाच) केबल लावली आणि गाडी चालू झाली.

तेव्हापासून डॅशबोर्डवर तीन दिवे लागले: इंजिनचा पिवळा, एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) पिवळा आणि युरियाचा (धूर स्वच्छ करायला सायलेन्सरमध्ये फवारतात तो), तो लुकलुकतो. इंजिनचा थोडं चालवल्यावर आपोआप गेला. बाकीचे दोन आहेत तसेच. बॅटरीचा लाल दिवा मात्र गाडी चालू झाली की लगेच विझतो.

आम्ही काय बघितलं ते सांगते. रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी मल्टीमीटर लावला: एका बॅटरीला १२.६, दुसरीला ११.८. इंजिन चालू असताना दोन्ही मिळून २७.९. टर्मिनल घासून साफ केले. युरियाची टाकी अर्ध्याच्या वर आहे. हवेचं प्रेशर नेहमीसारखं भरतं. गावातल्या इलेक्ट्रिशियनने स्कॅनर लावला, त्यात एसपीएन १६८, एफएमआय ४ असा कोड आला, पण जुना म्हणून, आत्ता चालू नाही. एबीएस त्याच्या स्कॅनरला दिसलंच नाही.

एका गॅरेजमध्ये न तपासताच सांगितलं की एबीएसचा कंट्रोलर (ती यंत्रणा चालवणारा छोटा कॉम्प्युटर) गेला, नवीन टाका. खर्च मोठा आहे आणि माझा विश्वास बसत नाही. पावसाचे दिवस आहेत, वडिलांना भरलेली गाडी घेऊन कसारा घाट उतरायचा आहे. माल भरावा का? आणि आधी काय तपासावं?

प्रतिसाद १

ताई, कंट्रोलरला अजिबात हात लावू देऊ नका. एसपीएन १६८ म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज, एफएमआय ४ म्हणजे ते हवं त्यापेक्षा खाली गेलं होतं. उतरलेल्या बॅटरीवर सेल्फ मारला की व्होल्टेज कोसळतं, एकेक कंट्रोलर क्षणभर बंद पडतो, बाकीच्यांना त्याच्याकडून निरोप मिळत नाही आणि जो तो आपला दिवा लावतो. असे बरेचसे दिवे पुरेसं व्होल्टेज मिळाल्यावर, गाडी थोडी फिरली की जातात. तुमचा इंजिनचा दिवा तसाच गेला.

मला काळजी ११.८ ची वाटते. अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) ठीक आहे, २७.९ छान आकडा आहे. पण दोन्ही बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे २४ व्होल्टसाठी एकीला एक जोडलेल्या असताना त्यांच्यात एवढा फरक पडायला नको. केबिनमधला टेप किंवा मोबाईलचा चार्जर १२ व्होल्टसाठी एकाच बॅटरीवरून घेतलाय का बघा. तसं असेल तर ती एकटी उतरत राहते, आणि २४ चा चार्जर लावला की भरलेली जास्त भरते, ही अर्धवटच राहते. दोन्ही सुट्या करून १२ व्होल्टच्या चार्जरवर वेगवेगळ्या भरा, मग लोड टेस्ट करा, म्हणजे भार टाकून बॅटरी टिकते का ते बघा. बदलायची वेळ आलीच तर जोडीनेच बदला, जुनी-नवी एकत्र नको.

आणि कोणी काहीही म्हणो, इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढू नका. जुन्या गाड्यांत अल्टरनेटर तपासायला लोक असं करायचे. आताच्या गाडीत व्होल्टेज एकदम उसळतं आणि मग खरोखरच कंट्रोलर जातो.

प्रतिसाद २

एबीएस स्कॅनरला दिसत नाही, याचा अर्थ एकतर त्या स्कॅनरला ते वाचता येत नाही, नाहीतर कंट्रोलरपर्यंत करंटच पोचत नाही. एबीएसला बहुतेक वेळा दोन फ्यूज असतात, एक थेट बॅटरीवरून आणि एक किल्लीवरून. केबल लावून चालू केलेल्या गाडीत फ्यूज उडालेला मी स्वतः पाहिलाय. नुसतं डोळ्यांनी बघू नका, फ्यूजच्या दोन्ही पायांवर व्होल्टेज येतं का ते मोजा.

मग अर्थिंग. मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थिंगची पट्टी सैल किंवा गंजलेली आहे. हे पाच मिनिटांचं काम कोणी करत नाही आणि सेन्सरवर सेन्सर बदलत बसतात.

काही ट्रकमध्ये एबीएसचा दिवा गाडी हलून थोडा वेग घेईपर्यंत विझतच नाही, हेही लक्षात ठेवा. उभ्या गाडीवर निकाल देऊ नका.

प्रतिसाद ३

घाटाबद्दल बोलतो, मी त्याच रस्त्याने गाडी चालवतो. एबीएस बंद असलं तरी हवेचे ब्रेक लागतात. पण ओल्या उतारावर जोरात पाय पडला की चाक जाम होतं आणि गाडी घसरते. एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिननेच गाडी हळू करणारा) लागतोय का ते आधी सपाट रस्त्यावर रिकाम्या गाडीने बघा. दिवा जाईपर्यंत काकांना माल भरू देऊ नका, एक भाडं गेलं तरी चालेल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. एबीएसचा थेट बॅटरीवरचा फ्यूज उडालेला निघाला. तेवढ्याच अँपिअरचा टाकला, आता गाडी हलली की दिवा विझतो. अर्थिंग ०.२ आलं. टेप खरंच एका बॅटरीवरून घेतलेला होता, तो कन्व्हर्टरवर (२४ चे १२ व्होल्ट करणाऱ्या डब्यावर) घेतला. उतरलेली बॅटरी वेगळी भरूनही लोड टेस्टला टिकली नाही, म्हणून नवी जोडी बसवली. एक्झॉस्ट ब्रेक लागतो.

युरियाचा दिवा मात्र अजून लुकलुकतो. तो आपोआप जाईल का?

प्रतिसाद १

जाऊ शकतो, पण उभ्या गाडीत नाही. ती यंत्रणा सायलेन्सर नीट तापल्यावरच स्वतःची तपासणी करते. रिकामी गाडी हायवेवर अर्धा-पाऊण तास सलग चालवा. किल्ली बंद केल्यावर पंप नळीतला युरिया मागे टाकीत ओढतो, त्याला दोनेक मिनिटं लागतात. तेवढ्यात कट-ऑफ स्विच (बॅटरीचा करंट पूर्ण तोडणारा) मारला किंवा बॅटरीच मेली तर युरिया नळीत राहून त्याचे खडे होतात. म्हणून किल्ली बंद केल्यावर थोडं थांबूनच कट-ऑफ मारायला काकांना सांगा.

तरीही दिवा राहिला तर युरियाचा कोड वाचणारा स्कॅनर लावून घ्या आणि आकडे इथे टाका. पंपाचं प्रेशर, टाकीतला सेन्सर आणि नॉक्स सेन्सर (धुरातला विषारी नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा), तिघांचे कोड वेगळे आणि खर्चही वेगळा. तोवर भरून निघू नका. हा दिवा दुर्लक्षित राहिला तर गाडी टप्प्याटप्प्याने पिकअप कमी करते, आणि वाशीहून परत येताना कसारा चढायचाही आहे.